सुईखालचा होकार

दुसऱ्या महिन्याच्या दुजेला सकाळी ग्वेईताईने चूळ भरली आणि ती डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळून कोटावर आली. तिला वाटलं, घाई झाली असेल. पुन्हा भरली. पुन्हा गळली. मग तिने आरशात पाहिलं आणि भिंतीपलीकडून मला हाक मारली. हाक कसली, नुसता फुसका वारा! एकतीस वर्षं मी त्या आवाजाच्या पाठीमागे बसत आलेय, झोपेतसुद्धा ओळखीन. पण त्या सकाळी मला वाटलं, तिच्या कोंबडीला काहीतरी झालं.

जाऊन बघते तर ताईचं तोंड उजव्या कानाकडे ओढलेलं. डावा डोळा सताड उघडा आणि त्यातून पाणी वाहतंय. डाव्या बाजूचं कपाळ गुळगुळीत, एक आठी म्हणून नाही. अर्धा चेहरा साठीचा, अर्धा विशीचा.

"हसू नकोस," ती म्हणाली. निदान तसं काहीतरी म्हणाली.

"हसत नाहीये गं," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

माझं नाव आ-जू. आमच्या लिऊपू गावात पोथी वाचत नाहीत, गातात. ग्वेईताई पुढे बसून गाते. मी तिच्या डाव्या हाताला, जरा मागे, लाकडी मासा समोर घेऊन बसते. माशावर टोक-टोक ठेका धरायचा आणि तिची ओळ संपली की चार बायांसह झील धरायची, 'नमो अमिताभ', बुद्धाचं नाम. ओळ तिची, नाम आमचं. ताईच्या गुरूबाईंनी मला शिकवलं होतं, की पोथीवालीचा श्वास संपायच्या अर्धी मात्रा आधी तुझं नाम सुरू व्हायला हवं. मध्ये फट राहिली तर ऐकणाऱ्यांचं मन त्या फटीतून उठून घरी जातं. मी आयुष्यात फट पडू दिली नाही. समोरच्याचं वाक्य खाली उतरायला लागलं की माझं तोंड उघडतंच. आमचे हे म्हणतात, "माझा अर्धा संसार तू मी बोलायच्या आधीच 'हो हो' म्हणून उरकलास."

आदल्या दिवशी ताई एका नव्या घराच्या वास्तूला दिवसभर गायली होती. घामाने निथळली, गळ्याचा रुमाल सोडला आणि तशीच उघड्या तीनचाकीतून यांगत्से नदीच्या बांधावरून घरी आली. वारा डावीकडून होता. मी तिच्या उजवीकडे, तिच्या आडोशाला बसून गरम शेंगा खात होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आणि एकोणीसला आमच्या दयेच्या देवीचा, गुआनयिन माउलीचा जन्मदिवस! चार गावं कालव्याकाठच्या देवळात जमतात. उदबत्त्यांचा जुडगा हातात धरून पोथीवाली उभी राहते आणि पहिलं नाम एकटीने घेते. एकटीने. त्याला झील नाही, ठेका नाही, काही नाही. त्या नामाने माउलीला बोलवायचं. ती आली की मग पोथी. ते नाम धड निघालं नाही तर पोथी उघडतच नाहीत. बावीस वर्षं ते नाम ग्वेईताईने घेतलं होतं.

आणि आता त्या नामातल्या 'म'ला आणि 'भ'ला मिटायला तिच्याकडे ओठच उरले नव्हते.

आमचे हे धावत बाजारात गेले आणि बादलीत एक जिवंत वाम घेऊन आले. वामेचं रक्त गालाला फासलं की वाकडं तोंड जागेवर येतं, हे आमच्याकडे घरोघरी ठाऊक.

"कुठल्या गालाला?" मी विचारलं.

"हे काय विचारणं झालं? जिकडे तोंड पळालंय तिकडच्या! तिथूनच हाकलायचं ना त्याला?"

ताईने बादलीत पाहिलं. वाम गोल गोल फिरत होती. ताई काहीतरी बोलली, आम्हाला कळलं नाही. पुन्हा बोलली. तिसऱ्यांदा तिने उजवा गाल बोटांनी धरून डावीकडे ढकलला तेव्हा शब्द बाहेर पडले: "माउलीच्या जन्मदिवसाला सतरा दिवस उरलेत आणि माझ्या तोंडासाठी जीव घेता? कालव्यात सोडा तिला."

यांनी बादली उचलली. "बघा, माणसाचं तोंड फिरलं आणि वामेचं नशीब फळफळलं," असं पुटपुटत निघाले. आम्हीही मागोमाग गेलो, कारण जीव सोडताना नाम घ्यायचं असतं. वाम पाण्यात सळकन गेली. मी नाम घेतलं. ताईनेही घेतलं.

"न-ओ अ-इता..."

बाकीचं नाम हवेत गेलं. ती काठावर तशीच बसून राहिली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, एखाद्या वर्षी नाही गायलं म्हणून काय झालं? पण मी तिच्या पाठीमागे बसत आलेय. मला ठाऊक होतं, हिचं जेवणखाण, हिचं वैधव्य, हिचे दुखणारे गुडघे, सगळं त्या एका नामाच्या खुंटीला टांगलेलं आहे.

जिल्ह्याच्या इस्पितळात तपासणी झाली. मेंदूचं काही नाही म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या दिल्या. "सुयाही लावून घ्या. बहुतेकांचं परत येतं, पण किती दिवसांत ते विचारू नका. कुणाला तीन आठवडे, कुणाला तीन महिने."

सुया म्हटलं की आमच्या भागात एकच माणूस, जुन्या धक्क्यावरचे ताओ डॉक्टर. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काडी, पण बोटं अशी की धान्यातला खडा न बघता काढतील. त्यांच्या दवाखान्यात दोन खाटा, मध्ये एक पडदा आणि सगळीकडे वाळक्या दवण्याच्या धुराचा वास. आम्ही चार तारखेला गेलो तेव्हा दुसऱ्या खाटेवर एक नावाडी पालथा पडला होता. त्याच्या कमरेत सुया उभ्या होत्या आणि तोंड मात्र अखंड चालू होतं.

ताओ डॉक्टरांनी ताईला भुवया उंच करायला लावल्या, दात दाखवायला लावले, गाल फुगवायला लावले. मग वामेची हकीकत ऐकून ते इतके हसले की चष्मा काढावा लागला.

"अहो, तोंड उजवीकडे गेलंय म्हणून उजव्या गालाला शिक्षा? उजवा बिचारा दोघांचं काम एकटा ओढतोय! झोपलाय तो डावा. वाम वाचली ते फारच छान झालं. मेली असती तर फुकट गेली असती."

"मी घरी सांगते हे," मी म्हणाले.

"हातोडा घेऊन सांगा," पडद्यामागून नावाडी म्हणाला.

मग डॉक्टरांनी ताईला समजावलं. "बाई, सुई टोचली म्हणजे काम झालं असं नाही. सुईखाली काहीतरी यावं लागतं. अंग आंबल्यासारखं होईल, मुंग्या येतील, आत तट्ट भरल्यासारखं वाटेल, नाहीतर जड. विहिरीत दोर सोडावा आणि खालून कुणीतरी तो धरावा तसं. ते येईपर्यंत मी सुई फिरवणार. आलं की तुम्ही सांगायचं, मी थांबणार. माझ्या बोटांनाही कळतं, पण शरीर तुमचं, होकार तुमचा हवा. समजलं?"

त्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात सुई घातली. चेहरा डावा, सुई उजव्या हातात! मी बघतच राहिले. डोळे मिटून ते सुई फिरवू लागले, जणू सतारीची खुंटी पिळतायत. मग त्यांचा स्वर खाली उतरला.

"आलं का?"

"आलं, आलं!" मी म्हणाले.

डॉक्टर थांबले. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि मान डोलावली. म्हातारा माणूस, वाकून उभा. त्याला किती वेळ ताटकळत ठेवायचं? आमच्याकडे वडीलधाऱ्याने वाढलं की पोट भरलेलं असो वा नसो, 'छान, पुरे' म्हणायची रीत. ताई तर रीतभातीत माझ्याही दोन पायऱ्या वर.

कानामागे सुई. "आलं का?" "आलं!" गालावर नाजूकशी. "आलं का?" "आलं!" जबडा, भुवई, पाऊल. सगळं झटपट. अर्ध्या तासात सुया निघाल्यासुद्धा. बाहेर पडताना मला काय वाटलं सांगू? वाटलं, किती सुरळीत चाललंय!

असे सात दिवस. आमची तीनचाकी सकाळी बांधावरून जायची, दुपारी यायची. पाचवी गेली, सातवी गेली, नववी गेली. ताईचा डावा गाल ओल्या कापडासारखा लोंबत होता. झोपताना डोळ्याला पट्टी लावून पापणी खाली धरावी लागे, बोलताना उजवा गाल बोटांनी डावीकडे ढकलावा लागे. मी रोज आरसा धरायचे, "बघ, आज जरा बरं दिसतंय" म्हणायचे. आरसाही माझ्यापेक्षा खरा होता.

दहा तारखेला देवळाचे फानदादा दवाखान्यातच येऊन उभे राहिले. उत्सवाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. माणूस वाईट नाही, फक्त घामाघूम.

"ग्वेईबाई, मला बोलायला जड जातंय. पण सतराच्या दुपारपर्यंत मला हो की नाही ते कळायला हवं. नदीपलीकडच्या सू बाईंना निरोप धाडावा लागेल."

ताईने मान डोलावली. फानदादा गेल्यावर ताओ डॉक्टरांनी सुया काढल्या, एकेक पुसून डबीत ठेवली आणि स्टुलावर बसले.

"बाई, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. माझ्या बोटांना सात दिवसांत एकदाही दोर धरल्यासारखं लागलं नाही. आणि तुमच्याकडून दर वेळी होकार. म्हणजे दोष कुणाचा? माझ्या बोटांचा. पन्नास वर्षं वापरली, बधिर झाली असतील. तुमचं होईपर्यंत थांबतो, मग दुकान बंद."

मला वाईट वाटलं. परतताना म्हणालेसुद्धा, "अगं, वय झालं त्यांचं." माउली, माझ्या त्या वाक्याची तू नोंद केली नसशील अशी आशा आहे.

आता ऐका अकरा तारखेची गंमत.

धक्क्यावर त्या सकाळी यंदाचे पहिले हिरवे उंडे निघाले होते. चिकट तांदळाचे, दवण्याच्या कोवळ्या पाल्याने हिरवेगार, आत लाल चवळीचं गोड पुरण. वाफा निघत होत्या. मी दोन घेतले, ताईला एक. पण तिला चावता येईना, म्हणून म्हटलं, गार होऊन वाया जाण्यापेक्षा... आणि डॉक्टरांनी हाक मारली तसा मी दुसरा उंडा अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला आणि आत गेले.

उंडा टाळूला चिकटला. वरचे दात खालच्या दातांना चिकटले. जीभ कुठे आहे ते कळेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून वाफ. आणि डॉक्टरांनी ताईच्या बेचक्यात सुई घातली, डोळे मिटले, फिरवू लागले. स्वर खाली उतरला.

"आलं का?"

"म्म्म," मी.

"आलं का?"

शांतता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा फट पडली!

ताई छताकडे बघत होती. तिने वाट पाहिली. मग तिरक्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. माझे गाल दोन्हीकडे फुगलेले. होकार द्यायला कुणीच नव्हतं, आणि तिच्या तोंडातून 'नाही' निघणं शक्य नव्हतं. म्हणून ती काहीच बोलली नाही.

डॉक्टरांनी डोळे उघडले नाहीत. सुई किंचित वर घेतली, किंचित खाली. पुन्हा फिरवली. बोटाने कडेकडेने टिचकी मारली, दार वाजवावं तशी. पुन्हा फिरवली. घड्याळाचा काटा ऐकू येत होता. मी उंड्याशी झगडत होते. आणि मग...

"आई गं!"

ताई खाटेवरून उसळलीच. "आलं! आलं आलं आलं! इथून... कोपरापर्यंत... अय्या, खांद्यापर्यंत! जड झाला हात! आंबला! डॉक्टर, मुंग्या... मुंग्यांची वरातच निघालीय!"

ताओ डॉक्टरांचे डोळे खाडकन उघडले. "धरला! बाई, दोर धरला! लागलं माझ्या बोटांना! हे बघा, सुई सुटत नाहीये, आत कुणीतरी धरून ठेवलीय!" आणि मग ते एकदम थांबले. "थांबा. मग इतके दिवस?"

"इतके दिवस असलं काही नव्हतं," ताई म्हणाली.

"मग 'आलं आलं' कोण म्हणत होतं?"

दोघंही माझ्याकडे वळले. मी उभी. हनुवटीला हिरवं पीठ.

"अहो डॉक्टर," पडद्यामागून नावाडी ओरडला, "सुया ताईला आणि होकार ताईच्या झीलकरणीचा! मी रोज ऐकतोय! मला वाटलं ही तुमची नवी पद्धत आहे!"

डॉक्टर हसले की रडले मला सांगता येणार नाही. स्वतःची दहा बोटं डोळ्यांसमोर धरून ते नाचवत होते. "गेली नाहीत! म्हातारी नाहीत झाली! तुम्हाला ऐकू येतंय का रे, माझी बोटं शाबूत आहेत!"

"पण माझ्या सुया काढा आधी!" नावाडी म्हणाला. "हसून हसून आत घुसतायत!"

मी उंडा गिळला आणि गुडघ्यांवर बसले. "ताई, माझ्या जिभेला आग लागो. सात दिवस खाल्ले मी तुझे."

ताईने सुई असलेला हात जपून तसाच ठेवला आणि डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली. "तू 'आलं' म्हणालीस की मला वाटायचं, आलंच असेल, मलाच कळलं नसेल. माझी ओळ संपली की तू नाम घेतेस, आ-जू. मी कधी विचारलंय का, खरंच संपली होती का म्हणून?"

दुसऱ्या दिवसापासून मला उंबऱ्याबाहेर बसवलं. डॉक्टरांचा हुकूम होता: हिच्या तोंडात रोज एक उंडा असायलाच हवा. आत पडद्यामागे तो मावळता स्वर यायचा, "आलं का?" आणि मी तोंडावर हात दाबून बसायचे. कधी आतून ताई म्हणायची, "अजून नाही." माझ्या ताईने, भरल्या घरात कुणाला 'नको' न म्हणणाऱ्या माझ्या ताईने 'अजून नाही' म्हणावं! डॉक्टर म्हणायचे, "शाब्बास, असं हवं!" आणि थांबायचे, थांबायचे, मग एकदम तिचा आवाज, "हां! आता!" बाहेर मी एकटीच टाळी वाजवायचे. कोळणी माझ्याकडे बघून टोपल्या सावरत निघून जायच्या.

तेराला डॉक्टरांनी तिला भुवया उंच करायला सांगितल्या आणि मला आत हाक मारली. "बघा, बघा इथे!"

डाव्या भुवईच्या वर, त्या गुळगुळीत कपाळावर, एक आठी! केसाएवढी. साठीच्या बाईच्या कपाळाला सुरकुती पडली म्हणून आम्ही तिघं खाटेभोवती नाचलो. आमच्या ह्यांना घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या कपाळावर शंभर आहेत, कधी कुणी नाचलं नाही ते."

पंधराला डोळा मिटला, तांदळाएवढी फट ठेवून. सोळाला गुळणी निम्मी आत राहिली. गोळ्यांनी म्हणा, सुयांनी म्हणा, माउलीने म्हणा, मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "मी फक्त दार वाजवतो. आतून कोण उघडतं ते मला काय ठाऊक?" सगळं येत होतं, एकेक पाहुणा यावा तसं. फक्त ओठ राहिले होते. मेणबत्ती विझवायला सांगितली तर ज्योत आडवी व्हायची, विझायची नाही. डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायचीच.

सतराला दुपारी फानदादा आले. ताईकडे पाहिलं, गोंधळले, आणि माझ्याकडे वळले. "झीलवाल्या बाई, तुम्ही रोज बरोबर असता. तुम्हीच सांगा. आलं का तोंड?"

स्वर अगदी तसाच उतरला. माझी जीभ टाळूवरून निघालीसुद्धा होती! मी ती दातांत धरली.

"ते तिला विचारा," मी म्हणाले.

ताई हळूच हसली, एका बाजूने जास्त. "आलं नाही, दादा. येतंय."

"येतंय म्हणजे? परवा आहे!"

"येतंय म्हणजे येतंय. आलं असं खोटं सांगणार नाही, येणार नाही असंही सांगणार नाही. सू बाईंना बोलवा. त्या शेजारी बसतील. माझ्या नामाला ओठ मिटले नाहीत तर पोथी मीच माझ्या हाताने त्यांच्यासमोर ठेवीन."

फानदादांनी घाम पुसला. मग म्हणाले, "बसवतो."

अठराला संध्याकाळी आम्ही दोघी पोथीचं रेशमी कापड इस्त्री करत होतो. माझ्या मनात दिवसभर घोळत होतं ते मी बोलून टाकलं. "ताई, एक करू या. पहिल्या नामाला तू नुसती सुरू कर. 'म'पाशी येशील ना, तिथे मी खालून धरते. गर्दीत कुणाला कळणारही नाही. सू बाईंनासुद्धा नाही."

ताईने इस्त्री बाजूला ठेवली. "आ-जू, डॉक्टरांना सात दिवस आपण 'आलं' म्हटलं. ते बिचारे स्वतःच्या बोटांवर अविश्वास दाखवायला लागले. आता माउलीला तेच म्हणायचं? ती येईल, बघेल की हिच्या तोंडात नाम नाही, दुसरीच कुणी म्हणतेय. मग ती कुणाकडे येईल? कुणाकडेच नाही." आणि मग हळू आवाजात, "मला भीती वाटतेय गं. पण तू तेवढी थांब. मी पूर्ण म्हणेपर्यंत थांब. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. या वेळी विचार करून म्हणाले.

एकोणीसची सकाळ! काय सांगू! कालव्यात बोटीला बोट लागलेली, देवळाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही, ताटातून पीचच्या आकाराचे गुलाबी पाव, उदबत्त्यांचा धूर असा की माउलीचं तोंड मधूनच दिसावं. तिसऱ्या रांगेत ताओ डॉक्टर, नवा निळा कोट घालून. शेजारी नावाडी, ताठ बसलेला, कंबर बरी झाल्याची जाहिरात. ताईच्या बाजूच्या खुर्चीत सू बाई, हात मांडीवर; त्या आधी ताईच्या कपाळाला कपाळ टेकवून बसल्या होत्या.

ताई उठली. उदबत्त्यांचा जुडगा दोन्ही हातांत घेतला. चारशे माणसं गप्प. माझ्यासमोर लाकडी मासा, हातात दांडी. ती दांडी मी मांडीखाली दाबली.

"न..."

आवाज लागला. स्वच्छ, खालून वर चढणारा, घंटेसारखा. आणि ती 'मो'पाशी आली. तिच्या डाव्या ओठाचा कोपरा थरथरला. मागून मला तिचा गाल दिसत होता. गाल उचलत होता, पडत होता, उचलत होता. स्वर लांबला. तिच्या श्वासाचा तळ मला ठाऊक आहे. कुठे संपतो ते तिच्याआधी मला कळतं. तो संपायला आला. अर्धी मात्रा उरली. माझा घसा आपोआप उघडला, एकतीस वर्षांच्या सवयीने. सगळं अंग पुढे झुकलं. मी थांबले.

फट पडली. चारशे माणसं त्या फटीत उभी राहिली. कुणाचंही मन घरी गेलं नाही.

आणि ओठ मिटले.

हळूच, डावीकडून जरा उशिरा, दार लोटल्यावर शेवटी कडी बसावी तसे मिटले. "...मो," ती म्हणाली. मग "अ... मि... ता..." आणि 'भ'! तो 'भ' अगदी सरळ नव्हता. कोपऱ्यातून थोडी हवा गेलीच. पण तो होता. भरीव होता. तिचाच होता.

"आलं!"

मी नाही! माउलीची शपथ, मी नाही. तिसऱ्या रांगेत ताओ डॉक्टर उभे राहिले होते, दोन्ही हातांची बोटं हवेत, अदृश्य सुई फिरवल्यासारखी. "आलं, आलं!" ते ओरडत होते, आणि नावाडी त्यांचा कोट धरून खाली ओढत होता, "बसा हो, देवळात आहोत!" सू बाईंनी आपली खुर्ची दोन हात मागे सरकवली आणि आमच्या झीलकरणींत येऊन बसल्या.

ताई माउलीकडे तोंड करून उभी होती. मग वळून माझ्याकडे पाहिलं. वाकडी हसली. डाव्या कपाळावर आठ्या, तीन! मोजल्या मी.

चारशे माणसांचं नाम कमानींना भिडलं तेव्हा त्यात माझं नव्हतं. माझ्या डोळ्यांचं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. मग मी मांडीखालून दांडी काढली, डोळे पुसले, आणि माशावर पोथीचा पहिला ठोका दिला. आयुष्यात पहिल्यांदा, अर्धी मात्रा उशिरा.